सुरुवातीला त्रास होतोच

ही केस विसरता आली असती तर बरं झालं असतं. खून, दरोडे, जत्रेतल्या मारामाऱ्या, सगळं नोकरीत पाहिलं आणि बहुतेक मागे टाकलं. ही मात्र राहिली. निवृत्ती जवळ आली होती आणि बसवकल्याण तालुक्यातल्या एका ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता.

सकाळची हजेरी घेऊन ड्युट्या वाटत होतो, तेवढ्यात राजेश्वर गावाकडचं एक जोडपं आलं. तक्रार बाईची होती. नवरा लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढायचा. कॅमेरा आणि ड्रोनसाठी त्यानं दोन बँकांचं आणि एका फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलं होतं. धंदा बसला, हप्ते थांबले. आता वसुलीची माणसं दारात बसून शेजाऱ्यांसमोर शिव्या देत होती. मुलीच्या शाळेतल्या शिक्षिकेलाही त्यांनी फोन केला होता. बाई रडत नव्हती, पण सांगताना हाताची बोटं मोडत होती.

मी नवऱ्याकडे पाहिलं. असा छळ सोसणारा माणूस मान खाली घालतो, नाहीतर आवाज चढवतो. हा मात्र बसची वाट पाहत असल्यासारखा निवांत बसला होता. मी कारण विचारलं.

तो म्हणाला, "साहेब, हे असं होणार म्हणून आम्हाला आधीच सांगितलंय. सुरुवातीला त्रास होतोच. म्हणजे काम चालू झालं."

कुणी सांगितलं, असं विचारल्यावर त्यानं सगळं उलगडून सांगितलं. तालुक्याच्या गावी कर्ज मिटवून देणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस निघालं होतं. त्यांची रीत अशी. सगळे हप्ते एकदम बंद करायचे. दर महिन्याला ठरलेली रक्कम कंपनीकडे भरायची. पुरेशी जमली की कंपनी बँकेशी बोलून कमी पैशांत कर्ज मिटवणार. तोवर आधी फोन येतील, मग नोटीस, मग माणसं दारात. क्रेडिट स्कोअर पडेल. घाबरायचं नाही, फोन उचलायचा नाही, बँकेत पाऊल टाकायचं नाही. यातलं एकेक खरं होत गेलं, तसा त्याचा कंपनीवरचा विश्वास वाढत गेला.

वसुलीच्या माणसाला मी ठाण्यात बोलावलं. हुमनाबादकडचा तरुण होता. शिव्या दिल्याचं त्यानं कबूल केलं. पुन्हा त्या दारात दिसलास तर गुन्हा दाखल करीन, अशी मी समज दिली. जाता जाता तो दारातच थांबला.

"साहेब, एक सांगू का? ह्यांचं कर्ज बँकच कमी रकमेत मिटवायला तयार हुती. किती फोन केले, माणूस पाठवला. हे म्हणायलेत, आमच्या वतीनं कंपनी बोलंल. त्या कंपनीचा एकबी फोन बँकेला आला न्हाई. माझ्याकडं असे अजून लोक हायत. समदे हेच म्हणतेत."

ज्याला दम द्यायला बोलावलं होतं, त्यानंच आम्हाला खबर दिली. हेड कॉन्स्टेबलला दोन्ही बँकांच्या शाखांमध्ये पाठवलं. मॅनेजरांनी तेच सांगितलं. या गिऱ्हाइकाच्या वतीनं कुणी कधी आलं नव्हतं.

जोडप्याला पुन्हा बोलावलं आणि कंपनीत नाव कुणी घातलं ते विचारलं. नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. शेवटी बाईच बोलली. तिचा सख्खा मोठा भाऊ त्या ऑफिसात सल्लागार म्हणून नोकरीला होता.

भावाला आणलं. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. चौकशीत मी गुन्ह्याबद्दल आधी विचारत नाही. माणसाच्या रोजच्या कामाबद्दल विचारतो. त्यात तो सावध राहत नाही. सुरुवातीचे महिने कसे जातात, गिऱ्हाइकाला काय समजावायचं, बायको रडली तर काय बोलायचं, हे त्यानं न अडखळता सांगितलं. मग मी विचारलं, बँकेत तुम्ही कुणाशी बोलता? ते हेड ऑफिस बघतं, म्हणाला. हेड ऑफिसात कोण बघतं? त्यानं एक नाव घेतलं, थोड्या वेळानं दुसरंच घेतलं.

मी म्हणालो, "इतरांचं सोड. बहिणीच्या कर्जाचं काय झालं, एवढं तरी तू विचारलं असशील."

तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "विचारलं हुतं साहेब."

उत्तर त्याला तेव्हाच मिळालं होतं. सुरुवातीला जे जमतं ते कंपनीच्या फीमध्येच जातं. बँकेला कुणी फोन करत नाही. बहुतेक लोक त्रासाला कंटाळून मधेच सोडतात आणि सोडणाऱ्याला काही परत मिळत नाही. धंदा त्यावरच चालला होता.

मी विचारलं, "मग बहिणीला का सांगितलं नाहीस?"

"तिला सांगितलं असतं तर समद्यांना कळलं असतं. माझी नोकरी गेली असती."

बाई बाहेर व्हरांड्यात बसली होती. मी जाऊन सांगितलं. तिनं एकच विचारलं, "अण्णाला माहीत हुतं व्हय?" मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. पोराचं वाटोळं होईल, भावावर तक्रार करू नको, म्हणून लेकीच्या पाया पडायला निघाली. बाईनं तिचे हात धरले आणि माझ्यादेखत म्हणाली, "आई, ती माणसं दारात शिव्या द्यायली तवा अण्णा आत चहा पीत हुता. मला म्हणला, घाबरू नको, बरोबर चाललंय." मग तिनं जबाबावर सही केली.

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला आणि भावाला अटक झाली. आम्ही पोचेपर्यंत ऑफिसला कुलूप लागलं होतं. वरच्या माणसांचा हैदराबादचा पत्ता एका रिकाम्या गाळ्याचा निघाला. इतर गिऱ्हाइकांना जबाबासाठी बोलावलं, तर निम्म्याहून जास्त आलेच नाहीत. संतपूरचा एक दुकानदार तर मलाच म्हणाला, बँकेनं तुम्हाला चारलंय साहेब, आमचं होत आलेलं काम तुम्ही मोडलं.

फोटोग्राफर शेवटी स्वतः बँकेत गेला. कमी रकमेत मिटवायची मुदत तोवर संपून गेली होती. कॅमेरा विकला, आता तो दुसऱ्याच्या स्टुडिओत पगारावर आहे. भाऊ जामिनावर सुटला, खटला चालूच आहे. परवा कळलं, तो लातूरकडे कुठल्याशा फायनान्समध्ये लागलाय.

लबाड माणूस खोटं बोलून फसवतो, असं मी नोकरीभर समजत होतो. या केसनं मला वेगळं दाखवलं. हे लोक त्रासाबद्दल अगदी खरं बोलले होते. म्हणून तर त्रास आल्यावर कुणाला शंका आली नाही. आता कुणी सल्ला विचारला तर मी एवढंच सांगतो, ज्याचं देणं आहे त्याच्याशीच बोलू नका असं जो तुम्हाला सांगतो, त्याच्या ऑफिसातून उठून या.

निवृत्तीनंतर ती बाई बसवकल्याणच्या बाजारात भेटली. नागपंचमी नुकतीच होऊन गेली होती, लेकी माहेरी जाऊन आल्या होत्या. मी माहेरची खुशाली विचारली. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "न्यायला कुणी आलं न्हाई साहेब. आई म्हणते, तू पोलिसांची लेक झालीस."