कमलबाईंचं वायफाय

कमलबाईंना कुणी 'होत नाही' म्हटलं की त्या चष्मा नाकावर ओढून विचारायच्या, "कोण म्हणतं?" प्रश्न साधाच, पण समोरच्याची बोबडी वळायची, कारण बाईंना खरोखरच नाव हवं असायचं. केबलच्या ऑफिसातला पोरगा एकदा म्हणाला, "माणूस पाठवता येणार नाही." कोण म्हणतं? तर मालक म्हणतो. बाई थेट मालकाच्या घरी. तो जेवायला बसला होता, म्हणून बाई ओट्यावर छत्री टेकवून बसून राहिल्या. मालकाने कसेबसे दोन घास संपवले, हात धुतले आणि माणूस पाठवला. मध्य प्रदेशातल्या आमच्या बऱ्हाणपुरातले निम्मे दुकानदार लहानपणी बाईंसमोर अंगठे धरून उभे राहिलेले. ती भीती काही जात नाही.

मीही त्यातलाच. पुढे मी त्यांच्याच गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि विद्यार्थी होतो तो त्यांचा फुकटचा मेकॅनिक झालो. "विलास, तुला मी लिहायला शिकवलं, तू मला हे डबडं शिकव," एवढ्यावर आमचा हिशेब मिटायचा.

शाळांच्या एकत्रीकरणाची वर्षं होती ती. लहान शाळा मोठ्या शाळांत घालायचा सपाटा चालला होता आणि आमच्या मोहल्ल्यातली मराठी शाळा त्या यादीत होती. बाई रिटायर झाल्यावर तिथे मराठीचा शिक्षक आलाच नाही. खोलीचं छत धोक्याचं म्हणून खोलीला कुलूप लागलं. बाईंनी काय करावं? शाळेसमोरच्या आपल्या घराच्या मागच्या पडवीत वर्ग भरवला. पगार नाही, नेमणूक नाही; पोरांची नावं तेवढी अजून शाळेच्या पटावर होती. विणकरांची, हातगाडीवाल्यांची, केळीच्या वखारीत राबणाऱ्यांची पोरं दुपारी तिथे बसून मराठी वाचायची. घरी मराठी बोलतात आणि पाटी मात्र हिंदीत वाचतात, हे बाईंना सहन होत नसे. "आईशी बोलतो ती भाषा लिहिता येऊ नये? हा काय न्याय झाला?" असं त्या रस्त्यात कुणालाही थांबवून विचारायच्या.

मग भोपाळहून निरोप आला. वरचे साहेब ठरलेल्या दिवशी व्हिडिओवर हा वर्ग बघतील आणि तो ठेवायचा की हिंदी शाळेत मिसळायचा ते ठरवतील. बाईंच्या लेकाने नाशिकहून आपला जुना कॉम्प्युटर पाठवला, मी तो पडवीत मांडला, केबलवाल्याने रस्त्याकडच्या खिडकीत वायफायचा डबा ठोकला. सकाळी लावून बघितलं तर सगळं झकास. दुपारी वर्ग भरला आणि पडद्यावरचं गोल फिरायला लागलं ते फिरतच राहिलं.

इथून माझी परीक्षा सुरू झाली. मी डबा बंद करून चालू केला. चॅनल बदललं. पासवर्ड बदलला, कारण बाईंनी तो अर्ध्या गल्लीला वाटलेला होता. कॉम्प्युटरला लावायचा वायफायचा तुकडा नवा आणला. सकाळी नेट घोड्यासारखं पळायचं आणि दुपारी मान टाकायचं. मी वैतागून म्हटलं, "बाई, सरळ वायर ओढतो."

"अंगणातून? पोरं पायात अडकून तोंडावर पडतील. ते नाही चालायचं."

"मग दुपारी लोड असतो म्हणा. आजूबाजूला इतके पॉवरलूम चालू असतात. याला इलाज नाही."

"कोण म्हणतं?"

मीच म्हणत होतो, त्यामुळे पुढे कुणाचं नाव सांगायची सोय नव्हती. "लूम तर सकाळीबी चालू राहतात," बाई म्हणाल्या. "उगाच काहीतरी सांगून राहिला तू मला. बस इथे. चहा घे. पण सापडल्याशिवाय उठू नको." पोरांसमोर मी पुन्हा तिसरीत गेलो होतो. राग आला, पण उठायची हिंमत झाली नाही.

ते उन्हाळ्याचे दिवस. बाईंची पाणपोई खिडकीशीच असायची. आतल्या बाजूला भिंतीला लागून मोठाले रांजण, आणि लूमवरून सुटलेला माणूस खिडकीतून हात घालून पाणी घ्यायचा. नळ यायचा भर दुपारी. एके दिवशी नळ आलाच नाही, रांजण कोरडे ठणठणीत, आणि त्या दुपारी नेट असं चाललं की पोरांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी फुशारून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी नळ आला आणि गोल पुन्हा फिरायला लागलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वायफायच्या लहरी पाणी गिळतं, हे मी शिकताना वाचलेलं होतं. डबा खिडकीत, कॉम्प्युटर मागे पडवीत आणि मधोमध भरलेल्या रांजणांची भिंत. सकाळी रांजण रिकामे म्हणून नेट मोकळं.

मी विजयी वीरासारखा म्हणालो, "बाई, एवढं तपासणी होईपर्यंत रांजण हलवू."

"कुठे?"

"मागे, मोरीजवळ."

"आणि रस्त्यावरचा माणूस काय मोरीत जाऊन पाणी पिईल? इकडे सावली आहे, खिडकी आहे. पाणी नाही हलणार. तुझं डबडं हलव."

डबा वर न्यायचा तर केबलवाल्याची तार आखूड. छत्री घेऊन बाई मालकाच्या ओट्यावर बसल्या त्या याच तारेसाठी. शेवटी तार आली, मी स्टुलावर चढून डबा छताजवळच्या फळीवर चढवला आणि बाई खाली स्टूल धरून उभ्या राहिल्या. त्या दुपारी रांजण काठोकाठ भरलेले होते आणि नेट चालू होतं. बाईंनी मला शाबासकी दिली नाही. "एवढंच होतं ना?" म्हणाल्या. मला मात्र ते फार लागलं, कारण एवढंच होतं हे खरं होतं.

तपासणीच्या दिवशी पोरं तेल लावून, भांग पाडून बसली. पडद्यावर साहेब आले. स्वच्छ दिसले, स्वच्छ ऐकू आले. माझ्या जिवात जीव आला आणि मी मागे उभा राहिलो. एका मुलीने धडा वाचला, दुसऱ्या मुलाने कविता सुरू केली. ती अर्ध्यावर असतानाच साहेबांनी हात वर केला. "ठीक है, मैडम. बच्चे हिंदी भी समझते हैं न? फिर अलग क्लास की क्या ज़रूरत है?"

बाई हिंदीतच म्हणाल्या, "सर, आप अपनी माँ से कौन सी बोली में बात करते हैं?"

साहेब हसले. "बुंदेली में."

"तो उनसे कह दीजिए, कल से बंद. हिंदी तो वे भी समझती होंगी."

साहेबांचं हसू मावळलं. "मैडम, भावना से काम नहीं चलता. निर्णय तो हो चुका है. यह बस औपचारिकता थी."

बाई मग शांतपणे उठल्या, स्टूल ओढलं, त्या वयात त्यावर चढल्या आणि मी घाम गाळून बसवलेल्या डब्याची पिन भिंतीतून उपटली. साहेब तोंड उघडलेल्या अवस्थेत जागच्या जागी थिजले, मग पडद्यावरून गेले.

"फोन करून कळव त्यांना," बाई खाली उतरत मला म्हणाल्या. "नेटवर्क गेलं म्हणावं."

मी भडकलो. कित्येक दुपारी त्या डब्यापायी माझं रक्त आटलं होतं. "बाई, काय केलं तुम्ही? वर्ग गेला ना आता."

"गेला कुठे? समोर तर बसलाय." आणि त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "हं, तुझी कविता अर्धी राहिली. त्यांना ऐकायची नव्हती, आम्हाला ऐकायची आहे."

पावसाळ्याच्या तोंडाशी आदेश आला. पोरांची नावं हिंदी शाळेत गेली. बाईंनी तो वाचला, घडी घालून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "सकाळ त्यांची. दुपार आपली." शिक्षण खात्याच्या ऑफिसातून एक जण कोणाच्या परवानगीने वर्ग चालतो ते विचारायला आला, तेव्हा माझ्या घरात मी कोणत्या भाषेत बोलायचं याची परवानगी तू देणार का, असं त्यालाच विचारून बाईंनी त्याला गार पाणी पाजून परत पाठवलं. मला तेव्हा तो त्यांचा हट्ट वाटायचा. आता वाटतं, मीच किती लवकर हरलो होतो.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. झोपेतच गेल्या. लेकाने घर बंद केलं, त्याचा नाइलाज होता. मी दुकानाच्या मागच्या खोलीतले मोडके मॉनिटर बाहेर काढले आणि सतरंजी टाकली. बाईंकडेच शिकलेली, आता दोन लेकरांची आई असलेली मंगला तिथे दुपारी येऊन शिकवते. सरकारी कागदावर आमच्या मोहल्ल्यात मराठीचा वर्ग नाही. काल त्या नसलेल्या वर्गाला एक पोरगं आलं नाही, तर बाकीची सगळी उठून त्याच्या घरी गेली आणि त्याला हाताला धरून घेऊन आली.