जलालुद्दीनभाईंचा मोटारीचा दाखला

माजलगावात पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देणारे पुष्कळ आहेत. जलालुद्दीनभाई मात्र गिऱ्हाइकासमोर मोटार खोलतात, आतली जळकी तार त्याच्या हातात देतात आणि मगच बोलतात. असा सरळ माणूस वादाला बसला की डोकं उठवतो. शेजारीच माझं झेरॉक्सचं दुकान असल्यामुळे वीस वर्षं हे माझ्या नशिबी आहे.

वाद आप्पांशी. आप्पा सिरसाळ्याचे बागायतदार, पक्के नास्तिक. भाईंचा दाखला ठरलेला: मोटार आपोआप होत नाही, कुणीतरी बनवावी लागते, मग एवढी दुनिया बनवणारा नको? आप्पा नुसते हसतात आणि चहा सांगतात.

या आठवड्यात भाई हट्टालाच पेटले. येत्या सोमवारी आप्पांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. "वर गेलास अन् तिथं देव निघाला, तर काय तोंड दाखवशील बे?" भाई हसत म्हणाले, पण आवाज काही हसत नव्हता. मग माझ्या फोनमधल्या एआयला पंच नेमलं. "माझा दाखला खोलून दाखव, काय लपवू नगं," भाईंनी त्याला बजावलं.

त्याने खोलला. मोटारी बनताना आपण पाहिल्यात, दुनिया बनताना कुणी पाहिलेली नाही, म्हणून एकीवरून दुसरीचं पक्कं सांगता येत नाही. देव नाही असंही यातून ठरत नाही; फक्त हा दाखला अपुरा आहे.

जळालेल्याला जळालेलंच म्हणायची भाईंना सवय. "बरूबर हाय त्याचं," भाई म्हणाले.

मला वाटलं, आता आप्पा पेढे वाटणार. तर त्यांनी माझ्या हातून फोनच ओढला. "देवाचा दुसरा मजबूत दाखला हाय का?"

होता. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, तर सगळ्यांच्या आधीचं कारण म्हणजे देव. पण ते कारण आपलं ऐकणारं असेलच असं नाही, हेही एआयने लगेच सांगितलं. आप्पा त्याच्यावरच चिडले. "तिसरा सांग." जन्माचा नास्तिक देवाची वकिली करत होता आणि हरत होता. मला हसू आवरेना.

"तू कावून घामाघूम होतूस?" भाईंनी विचारलं.

"तुझाच इश्वास उडाला तर माझ्यासाठी दुवा कोण मागंल?"

भाईंनी आप्पांच्या हातून फोन काढून माझ्याकडे दिला. "येडा हायस बे. वीस वर्षं रोज तुझं नाव घेतोय. तवा दाखला इचारला होता का कुणाला?"

आप्पा जायला उठले.

"सोमवारी नऊला आत नेणार हायेत," ते म्हणाले. "नीट ध्यानात ठेव."