जमीन दिसत नाही तिथवर

बहारीनच्या पावसाचं मला काही सांगू नका. वर्षभर आभाळ कोरडं ठणठणीत, चादरी वाळत घातल्या की पापडासारख्या कडक होणार. आणि हा मेला पडायचा तेव्हा नेमका शुक्रवारी पडायचा, आमच्या एकुलत्या एका सुट्टीच्या दिवशी.

ऐंशीनंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही मनामा शहरातल्या झिंज भागात राहायचो. नवरा हॉटेलच्या हिशेबखात्यात, मी हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत. त्या हिवाळ्यात माझी आई वसईहून व्हिजिट व्हिसावर आली होती. आम्ही वसईचे ख्रिस्ती कोळी. वडील आयुष्यभर होडीवर, आई आयुष्यभर बाजारात मासळी घेऊन. पण आमच्या घरी होडीवर बाईमाणूस चढायचं नाही. आईने होडीची पूजा पाहिली, फादरने शिंपडलेलं पाणी पाहिलं, होडी सुटताना पाहिली, परत येताना पाहिली. मधलं काही पाहिलं नाही.

वडील दहा-दहा दिवस जायचे. आले की ती विचारायची, जमीन दिसेनाशी झाली की पुढे काय असतं? ते पाय धुवायचे, जेवायचे, भिंतीकडे तोंड करून झोपायचे. ह्या एका गोष्टीवरून त्यांची भांडणं मी लहानपणापासून ऐकत आले. वडील गेले, भांडण संपलं. मला वाटलं, ती विसरली.

विसरली कसली? एकदा झिंजच्या स्वयंपाकघरात बसून तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "बाय, मला एकदा जमीन दिसत नाही तिथवर ने."

ह्या बाईने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. लग्नात लुगडं घेतलं तेव्हासुद्धा, कशाला खर्च, म्हणाली होती. मग मी कशी सोडते! नवऱ्याच्या मागे लागले. मीना सलमान बंदरात एक म्हातारा बहारीनी लाँचवाला त्याच्या ओळखीचा होता. तो म्हणाला, इथला समुद्र उथळ, कुठे ना कुठे किनारा दिसतोच. पण जवळचं एक बेट आहे, तिथून पुढच्या बेटाकडे निघालं की मध्ये बराच वेळ चारी बाजूंना पाणीच. दोन्ही बेटं करून संध्याकाळी परत.

ठरलं. पण जायला मिळेल तर ना! एका शुक्रवारी मुलीला ताप. एका शुक्रवारी नवऱ्याच्या हॉटेलात कोण बडी मंडळी उतरली, सुट्टी रद्द. एकदा लाँचचं इंजिन बिघडलं. करता करता आईचा शेवटचा शुक्रवार उरला. शनिवारी तिचं विमान. बहारीनमध्ये रविवारची मिस्सा शुक्रवारी व्हायची, कारण रविवारी सगळे कामावर. ती चुकायला नको म्हणून आदल्या संध्याकाळीच चर्चला जाऊन आलो. रात्री फुगे, म्हणजे आमचे मैद्याचे गोड गोळे, तळले, बोंबलाची चटणी केली, पहाटे सगळ्यांना उठवलं. आभाळ स्वच्छ होतं, हे मी शपथेवर सांगते.

धक्क्यावर पोचलो तर लाँच तोंड धक्क्याकडे करून लावलेली. लाँचवाल्याने पुढच्या टोकाला फळी टाकली आणि यल्ला, चला, म्हणाला. नवरा चढला, मुलगी चढली. आई फळीपाशी येऊन थांबली. चपला हातात.

"नाळेवरनं नाय चढायचं," म्हणाली. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. आमच्याकडे तिथे क्रूस असतो, तिथे बाईने पाय ठेवायचा नाही.

मी म्हटलं, आई, ही आपली होडी नाही. इथे क्रूस नाही, हा माणूस मुसलमान आहे, त्याच्या होडीच्या नाळेचं तुला काय?

"नाळ ती नाळ," ती म्हणाली.

नवऱ्याने मोडक्यातोडक्या हिंदीत लाँचवाल्याला समजावलं. त्याला आधी वाटलं म्हातारी घाबरली, त्याने हात पुढे केला. तिने तो हात घेतला नाही. शेवटी लाँच फिरवून मागची बाजू धक्क्याला लावायची असं ठरलं. पण शेजारी दुसरी लाँच बर्फ भरत उभी, ती हलल्याशिवाय फिरवणार कुठे? त्यांचा बर्फ संपेना. ऊन वर आलं, मुलीने डब्यातले अर्धे फुगे खाऊन टाकले, मी धक्क्यावर येरझारा घालतेय, आणि आई एका खोक्यावर निवांत बसलेली, पदर नीट करून, बाजारात गिऱ्हाईकाची वाट पाहत बसावं तशी.

एकदाचे निघालो. जवळचं बेट समोर दिसायला लागलं तेव्हाच मागून काळं आलं. वारा फिरला, थेंब पडायला लागले. लाँचवाल्याने सरळ बेटाला लाँच लावली आणि आम्हाला उतरवलं, ह्या खेपेला आपणहून मागच्या बाजूने. तिथे मासेमारांची झावळ्यांची एक झोपडी होती. वाळवंटातली झोपडी ती, उन्हासाठी बांधलेली. पावसाचा तिला काय पत्ता? दहा ठिकाणी गळत होती. डबा एका धारेखाली, चटणीचं पिठलं झालं.

मुलगी कंटाळून म्हणायला लागली, "ममा, धिस इज सो बोअरिंग." आई मला विचारते, काय म्हणते? मी म्हटलं, भूक लागली म्हणते.

नवऱ्याला काय सुचलं कोण जाणे, तो सासूच्या शेजारी उकिडवा बसला आणि मोठ्या आदराने विचारलं, की आई, तुम्ही कोळी, तुम्हाला आभाळ कळतं, हा कधी थांबेल?

ती त्याच्याकडे बघत राहिली. "मला काय विचारता, जावई? माणसं घरी आली की मला कळायचं हवा कशी होती ते."

मी सारखी उठून लाँचवाल्याकडे जायची. पुढे जाऊ या ना? पहिल्यांदा तो म्हणाला, इंशाल्ला. दुसऱ्यांदा नुसतंच आभाळाकडे बघितलं. तिसऱ्यांदा विडी विझवून म्हणाला, "वाजिद बारिश. आगे मफी. खलास, घर." म्हणजे पाऊस फार, पुढे जाणं नाही, संपलं. मी गयावया केली, म्हटलं तिचं उद्या विमान आहे, अर्धा तास तरी पुढे ने. त्याने पोटच्या पोरीशी बोलावं तसं हळू आवाजात सांगितलं, की बेटी, मला माझी लाँच हवी आहे आणि तुला तुझी आई.

झोपडीत परत आले ती भडकूनच. आईला म्हटलं, धक्क्यावर एक पाय टाकला असतास त्या फळीवर, तर आत्तापर्यंत जाऊन आलो असतो. तुझ्यासाठी करतेय मी हे सगळं.

"माझ्यासाठी करतेस तर ओरडतेस कशाला?" ती म्हणाली.

दुपार उतरली, पाऊस जरा हलका झाला तसे आम्ही परतीला निघालो. पुढचं बेट राहिलंच. आई मुलीला मांडीवर घेऊन ताडपत्रीखाली बसली, तोंडावर पदर ओढून. मी तिच्याकडे पाठ करून बसले. मला रडू येत होतं, आणि रडू येतंय ह्याचा आणखी राग.

आणि मध्येच सर परत आली. अशी आली, की लाँचवाल्याने इंजिन अगदी हळू केलं. मी मागे बघितलं तर बेट नाही. पुढे बघितलं, मनामा नाही, बंदर नाही, काही नाही. चारी बाजूंना राखाडी पाणी, वरून पाणी, संपलं. मला ते कळायलाच थोडा वेळ लागला. मग मी ताडपत्री उचलून तिला हलवलं, म्हटलं, आई, उठ, बघ. जमीन नाही.

तिने मुलीला माझ्याकडे दिलं. गुडघ्यावर हात ठेवून उठली, कठडा धरला. एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. पावसाने चेहरा निथळत होता.

"एवढंच?" म्हणाली.

मी मुलीला कडेवर घेतलं.

"मला वाटायचं, तुझा बाप काहीतरी लपवतो. तिकडे काहीतरी आहे, मला सांगत नाही. मेल्याला सांगायला काही नव्हतंच गं. एवढं म्हणाला असता तर काय झालं असतं?"

इतकी वर्षं झाली त्यांना जाऊन, पण तो राग ताजा होता, ते आत्ताच जेवणाच्या ताटावरून उठल्यासारखा. आणि मलाही राग आला, खरं सांगते. कित्येक शुक्रवार मी जीव आटवला तो ह्या 'एवढंच' साठी? म्हटलं, झालं ना बघून? आत बस आता. उद्या विमानात ताप भरला तर कोण बघणार आहे तुला?

ती हलली नाही. मी दंड धरला तर तिने माझा हात बाजूला केला.

"थांब जरा. एवढंच बघत तो दिवसच्या दिवस कसा बसायचा, ते बघते."

मुलगी माझ्या कडेवर जड झाली होती, शिंकायला लागली होती. लाँचवाला मागून काहीतरी ओरडत होता, नवरा त्याच्यापाशी पाणी उपसत होता. ताडपत्री एकच, धरणारी मी एकटी, आणि ती मुलीवर धरावी की आईवर, हे मला बंदराचे दिवे दिसेपर्यंत ठरवता आलं नाही.