पटकीच्या तंबूतले दोन दिवस

नाशिक रोडला आमची गाडी सकाळी नऊच्या सुमारास लागली. सिंहस्थाचे दिवस, कल्याणपासून आम्ही पेटीवर बसूनच आलो होतो. मी वाईचा शाळामास्तर; माझ्याबरोबर माझी काकू होती. आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. बारा वर्षांपूर्वी, मागच्या सिंहस्थात, काका याच गावी पटकीने (कॉलऱ्याने) गेले. रामकुंडावर त्यांचे श्राद्ध करायचे, एवढ्यासाठी साठीची काकू वाईहून निघाली होती.

फलाटाबाहेर ताडपत्रीखाली एक डॉक्टर यात्रेकरूंना पटकीची लस टोचत होते. सक्ती नव्हती. मी दंड पुढे केला. काकू म्हणाली, "मी तीर्थाला आले आहे, सुया टोचून घ्यायला नाही," आणि टांग्यात जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत माझा दंड इतका सुजला की सदरा काढताना उपाध्यांची मदत घ्यावी लागली. काकूने नुसते माझ्याकडे पाहिले.

आम्ही पंचवटीत या उपाध्यांच्या घरी उतरलो होतो. जागा अंधारी, पण जेवण उत्तम: वाफाळता भात, मेथीची परतून केलेली भाजी आणि वर लसणीची चटणी. बाहेरचे खाणे मात्र कठीण झाले होते; रोगाच्या भीतीने चिरलेली फळे विकायला बंदी होती. देवळाच्या वाटेवर एका बाईची काकडीच्या फोडींची पाटी शिपायाने माझ्यादेखत गटारात रिकामी केली. तिने पाटी उलटी करून झटकली आणि अख्ख्या काकड्या मांडून पुन्हा तिथेच बसली.

अंगणातल्या विहिरीत रोज सकाळी लाल औषध (जंतू मारणारी पूड) टाकायला शंकरराव म्हणून एक शेतकरी येत. मूळचे नांदगावकडचे, यात्रेपुरते कामाला लागलेले. औषधाने पाण्याला जांभळट झाक येई. काकू ते तोंडात घेईना. ती गंगेचे (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) पाणी तांब्यात भरून आणी. पावसाळ्यातली ती गढूळ गंगा, काठावर हजारो माणसे. मी रागावलो, तेव्हा ती म्हणाली, "रंगवलेले पाणी पिऊन श्राद्धाला बसू का?"

शंकरराव ऐकत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, औषध लोकांना नाय पटत. पन येक गोष्ट बरी झालीय. मागल्या टायमाला आजारी मानूस दिसला की शिपाई उचलून न्यायचे. घरच्याला आत सोडीत नव्हते. मंग लोक मानूस गोधडीत लपवायचे. त्यानं रोग लय पसरला. आता येकाला संगं ऱ्हाऊ देतात."

श्राद्ध नीट पार पडले. चौथ्या दिवशी सकाळी काकूला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. दोन तासांत तिचे डोळे खोल गेले, आवाज बसला, पायांत गोळे येऊ लागले. मी उठलो, तशी तिने माझे धोतर धरले.

"कुणाला सांगू नकोस, दत्तू. त्यांना नेले तेव्हा मी दोन दिवस कुंपणाशी उभी होते. कुणी आत सोडले नाही. तिसऱ्या दिवशी सांगितले, अग्नी दिला म्हणून. मला इथेच जाऊ दे."

हे ती मला बारा वर्षांत प्रथमच सांगत होती. टांगा करून तिला गुपचूप स्टेशनवर न्यावे, असेही क्षणभर मनात आले. मग शंकररावांचे शब्द आठवले. मी म्हटले, "काकू, मी तुझ्याबरोबर आत येतो. येऊ दिले नाही, तर तुला परत घेऊन येईन." तिची पकड सैल झाली. उपाध्ये शंकररावांना बोलवायला धावले.

दवाखान्याची गाडी आली. गावाबाहेर माळावर तंबूंची रांग होती. मी कुंपण शोधत होतो. सुतळी बांधलेले चार खांब आणि हात धुवायला औषधाच्या पाण्याचे पिंप, याखेरीज तिथे अडवणारे काही नव्हते. नर्सबाईंनी मला हात धुवायला लावले आणि काकूच्या खाटेशेजारी स्टूल ठेवले. डॉक्टरांनी तिच्या शिरेतून मिठाचे पाणी सोडले. बाटलीमागून बाटली रिकामी होत गेली. मी तिचे पाय चोळत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तंबूबाहेर थांबलो असताना नर्सबाई हसत बाहेर आल्या. "मास्तर, लघवी झाली. शरीराने पाणी धरले, आता भीती नाही." एवढ्या आनंदाची बातमी मी आयुष्यात ऐकलेली नाही. मी पिंपाशी जाऊन उगाचच पुन्हा हात धुतले, कारण डोळे भरून आले होते.

संध्याकाळी काकूने भाताची पेज मागितली. डॉक्टर नाडी पाहायला आले, तेव्हा तिने त्यांना विचारले, "मागच्या खेपेला तुम्ही होता का हो?"

"होतो. नवशिका होतो."

"मग कुंपण का घातले होते?"

डॉक्टरांनी तिचा हात हलकेच खाली ठेवला. "वाटले होते, रोग आत कोंडला जाईल. माणसे आमच्यापासून लपायला लागली, तेव्हा चूक कळली. पण फार उशिरा कळली, आजी."

काकूने मान हलवली. त्यांना बोल लावला नाही.

आठवड्याने आम्ही परतीच्या गाडीत बसलो. इगतपुरीचे बोगदे मागे पडले, धुके विरळ झाले. काकू खिडकीला टेकून बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ती नर्स दर घटकेला चमच्याने पाणी पाजत होती रे. मला वाटायचे, ते तहानेने गेले असतील. त्यांनाही कुणीतरी पाजले असेल."

"पाजलेच असेल," मी म्हणालो.

वाईला मंडळी दर्शनाची हकिकत ऐकायला जमली. काकूने रामकुंडाचे दोन शब्दांत आटोपले आणि तंबूंचे सविस्तर सांगितले. ते ऐकताना मला वाटले, सरकारचे आरोग्यखाते औषधे वाढवून शहाणे होते, हे खरे; पण आपण कुणाला दाराबाहेर उभे केले होते, हे त्याला उमगले, तरच माणसे आपला आजारी माणूस त्याच्या हाती देतात. बायका उठल्या, तेव्हा काकू त्यांना उंबऱ्यापर्यंत पोचवायला गेली आणि एकेकीला सांगत राहिली, "घरात कुणाला झालेच, तर लपवू नका. बरोबर जा. आत सोडतात."