पातेल्यावरचं धोतर

मंगलाबाई अमळनेरकडून सुरतेच्या भेस्तान भागात आल्या तेव्हा नवरा यंत्रमागावर जायचा आणि त्या घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायच्या. पुढे नवरा गेला, मुलगा चेतन कमावता झाला, नात हर्षदा कॉलेजात जाऊ लागली. मंगलाबाईंचे हात कधी रिकामे राहिले नाहीत. पण गावाकडे सासूने शिकवलेलं एक काम त्यांनी सुरतेत एकदाही केलं नव्हतं, ते म्हणजे कागदाची टोपली. रद्दी भिजत घालायची, मेथ्या टाकून कुटायची, तो लगदा पालथ्या पातेल्यावर थापून उन्हात वाळवायचा. वाळलेली टोपली हलकी, पण लाकडासारखी टणक होते आणि मेथीच्या कडूपणामुळे तिला कीड लागत नाही.

एका दुपारी त्यांनी हे सहज हर्षदाला सांगितलं आणि हर्षदाने ते मंडळाच्या बैठकीत मांडलं. खान्देशी मंडळाला पर्वत पाटिया भागातल्या आपल्या सभागृहात वारशाचं एक दालन करायचं होतं. त्यात दळायची घट्टी, मुसळ, कानबाईची गाणी, सगळं पोरांना पाहायला, ऐकायला मिळणार होतं. त्याच्या निधीसाठी नवरात्राआधी मेळा भरणार होता. अध्यक्ष बन्सीलाल बाजारातले तयार कंदील विकायला ठेवा म्हणत होते.

"वारसा आपला आणि कंदील बाजारचे?" हर्षदा म्हणाली. "माझी आजी टोपल्या करून देईल."

"शनिवारी एक तरी आणून दाखव," बन्सीलाल म्हणाले. "नाहीतर टेबल कंदिलांना."

"मला न विचारता शब्द देऊन आलीस?" मंगलाबाई रागावल्या. पण रात्रीच त्यांनी रद्दी भिजत घातली. चार माणसांत नातीची मान खाली जाऊ द्यायची नव्हती.

लगदा छान झाला. पातेल्याला चिकटू नये म्हणून त्यांनी साडीचा एक तुकडा घातला आणि वर लगदा थापला. बाहेरून टोपली वाळली, पण उतरवून पाहिली तर आतून बुळबुळीत, काठाशी बुरशी. मग त्यांनी साडीचा तुकडा बोटांनी चोळला. गावाकडे सासू पातेल्यावर जुनं सुती धोतर घालायची. ते आतलं पाणी पिऊन घ्यायचं. हा तुकडा पॉलिस्टरचा. पाणी जाणार कुठे?

घरभर शोधलं. साड्या, चादरी, पडदे, सगळं तसलंच. शेजारच्या सरलाबाईंनी मोठ्या आशेने ओढणी आणून दिली, तीही चमकणारी. साऱ्या देशाला कापड पुरवणारं शहर, आणि गल्लीत सुताची एक जुनी चिंधी मिळेना! मग त्यांना लोटूभाऊ आठवले. गल्लीत अजून धोतर नेसणारे तेवढेच. ते पायरीवर बसले होते.

"लोटूभाऊ, एखादं जुनं धोतर शे का?"

"काबरं? आते तू नेसस का काय?"

"मना पातेल्याले नेसाडनं शे."

लोटूभाऊंना हसता हसता ठसका लागला. "सारी गल्ली मले धोतरावरून हसस. आते बरं काम पडनं!" ते आत गेले आणि धुऊन धुऊन मऊ पडलेलं धोतर घेऊन आले. "पण कुटाले मी येसू. धोतर देनाराले मान पायजे."

"या की. पण बडबड कमी करा, नाहीतर मेथ्यांपेक्षा तुम्हीच कडू लागाल."

लोटूभाऊंनी लगदा कुटला, बडबडही केली. मंगलाबाई धोतराचे तुकडे करून पातेल्यांवर घालत, लगदा थापत. लगद्याने अंग धरलं की टोपली अलगद उतरवत, आतली बाजू गालाला लावून ओल बघत आणि ओलं कापड बदलत. शनिवारी हर्षदाने बन्सीलालांपुढे टोपली ठेवली. त्यांनी टिचकी मारली. टणकन वाजली. त्यांनी ती उलटी केली, आत हात फिरवला, पुन्हा टिचकी मारली.

"कंदील राहू द्या," ते म्हणाले. "टेबल पुढे घ्या, दाराशी."

मेळ्यात टोपल्या दुपारपर्यंत संपत आल्या. शेवटची एका गुजराती बाईंनी उचलली. हर्षदाने ती त्यांच्याकडून घेतली आणि आजी करायची तशी आतली बाजू गालाला लावून पाहिली. गार लागली.

"ही आज नाही देता येणार," ती म्हणाली. "आतून ओली आहे. घरी नेऊन बुरशी धरेल."

"अगं, गिऱ्हाईक परत पाठवतेस?" बन्सीलाल कुजबुजले.

"पाठवू द्या," मंगलाबाई म्हणाल्या. नातीने गाल लावलेला त्यांनी पाहिला होता.

मंगळवारी त्या बाई पत्ता विचारत भेस्तानला आल्या. टोपली वाळली होती, पण त्यांनी तिच्याकडे फारसं पाहिलंच नाही. त्यांच्या काखेत रद्दीचा गठ्ठा होता.

"मासी, मने पण शीखवाडो ने."

मंगलाबाई काही बोलायच्या आतच हर्षदाने घमेलं पुढे ओढलं.

"बसा," ती म्हणाली. "आज फक्त फाडायचं आणि भिजवायचं. बारीक फाडा हं, आजी तपासते."