दोर बांधून होईपर्यंत

एखादं काम अंगावर घेतलं की ते किनुएच्या मानगुटीवरच बसायचं. डोंगरातली चार देवळं नव्या वर्षाआधी झाडायची आणि प्रत्येकाच्या दारावर भाताच्या पेंढ्याचा नवा दोर बांधायचा, हे काम गावाने तिला दिलं, कारण सायकलवरून तिथवर जाणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. तरुण मंडळी केव्हाच शहराला गेली. सत्तरीच्या बाईला गावाने तरुण ठरवलं, झालं!

यंदा मात्र सकाळपासून ती घाईत होती. थोरली बहीण यासुनो शहरातल्या इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती. ती गेली की सुतक. आणि सुतकात देवळाच्या कमानीखालून आत पाऊल टाकायचं नाही. मग दोर बांधणार कोण?

पहिल्याच देवळात, ती शिडीवर असताना, एप्रनच्या खिशातला फोन वाजला. बघितलं तर भाची मित्सुको. किनुएने तो वाजू दिला. कानावर आलं नाही तोवर सुतक नाही, अशी तिने मनाची समजूत घातली. समजूत लंगडी आहे हे तिलाही कळत होतं.

दुसऱ्या देवळाच्या पायथ्याशी म्हातारा गेन्झो मुळे वाळत घालत होता.

"किनुए, बहिरी झालीस का गं? खिसा वाजतोय तुझा!"

"वाजू दे."

"अगं, यासुनोकडचा असेल."

"म्हणूनच."

गेन्झोचा हात थांबला. "म्हणजे देवालाच फसवतेस होय?"

"मग तुम्ही चढा शिडीवर! चढता?"

"माझ्यावर कशाला डाफरतेस? हे गुडघे मला घरातल्या पायऱ्या चढू देत नाहीत." मग तो हळूच म्हणाला, "जा. पण सांभाळून."

तिसऱ्या देवळात फोन पुन्हा पुन्हा वाजला. चौथ्या, शेवटच्या देवळाच्या चढावर ती उतरून सायकल ढकलत होती, तेव्हा तो गप्प झाला. वाजत होता तेच बरं होतं. वर पोचल्यावर दोराची गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. देवापुढे तिने रीतीप्रमाणे दोन टाळ्या वाजवल्या, पण मागायचं काय ते सुचेना.

कमानीबाहेर येऊन तिने फोन लावला.

"मावशी, होतात कुठे?" मित्सुको रडत होती. "आई सकाळी छान शुद्धीवर आली होती. किनुएला फोन लाव, किनुएला फोन लाव, एकच धोशा. तुमच्याशी बोलायचं होतं तिला."

"आहे ना ती? दे तिला."

"श्वास चालू आहे, मावशी. पण मघाशी डोळे मिटले. डॉक्टर म्हणतात, आता नाही उघडायची."

म्हणजे दिवसभर सुतक नव्हतंच. किनुए रस्त्यातच खाली बसली.

"तिच्या कानाला लाव फोन," ती म्हणाली. पलीकडे श्वासाची घरघर ऐकू आली.

"ताई," किनुए म्हणाली, "मी आहे गं. बोल, ऐकतेय मी."