कलिंगडावरून न्यूयॉर्क

आई पहिल्यांदा विमानात बसली ती थेट न्यूयॉर्कला जायला. तिथे ताईचं बाळंतपण होतं. त्याआधी आईचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे लालबागहून मालवण.

सकाळी बाबा माझ्या शेजारी येऊन बसले. विमान कुठवर पोचलं ते मी फोनवर बघत होतो. बाबांनी चष्मा लावला, स्क्रीनकडे पाहिलं आणि दचकलेच.

"अरे, हे वर कुठे चाललंय? अमेरिका डावीकडे ना?"

भिंतीवर आमच्या शाळेच्या दिवसांपासून जगाचा नकाशा आहे. त्यावर मुंबईहून डावीकडे बोट सरळ नेलं की आफ्रिका आणि समुद्र ओलांडून अमेरिका येते. विमान मात्र पार युरोपच्या वरच्या टोकाकडे निघालेलं.

"वाट चुकलं की काय?" बाबांचा आवाज बारीक झाला.

"नाही हो बाबा, पायलट असतात," मी म्हटलं. पण ते वर का गेलं, हे मलाही सांगता येईना. मग फोनवर शोधलं. नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल, म्हणून नकाशावरची सरळ रेघ जवळची नसते, असं लिहिलं होतं. बाबांना ते काही पटलं नाही.

"गोल वस्तू आण बघू काहीतरी."

घरात कलिंगड होतं. देठाला उत्तर ध्रुव मानून मी वरच्या अर्ध्यात पेनाने दोन ठिपके काढले, एक मुंबईचा, दुसरा न्यूयॉर्कचा, जवळजवळ पलीकडच्या अंगाला. बाबांनी आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला आणि दोन ठिपक्यांमध्ये ताणून धरला. दोरा घसरत घसरत देठाकडे गेला. त्यांनी तो ओढून मध्यावर आणला, सैल सोडला, पुन्हा ताणला. पुन्हा वरच.

"म्हणजे तीच जवळची वाट!" बाबा हसले. "तुझी आई आता बर्फावरून जात असेल."

बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर आई परत आली. जेवताना तिनेच विचारलं, "काय रे, जाताना केवढा वेळ लागला, आणि येताना लवकर आलो. येताना उतार असतो का? आपल्या घाटासारखा?"

"उतार नाही गं. एवढ्या उंचीवर वारा जोरात वाहतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे. येताना तो पाठीशी असतो."

"म्हणजे जाताना तोंडावर होता? आणि माझ्या पेल्यातलं पाणीसुद्धा हललं नाही!" तिला भारी नवल वाटलं.

"अगं, खिडकीतून बर्फ दिसला का?" बाबांनी विचारलं.

"दिसला ना. आधी मला वाटलं ढगच..." म्हणता म्हणता आईचे डोळे मिटले. भर दुपारी, हात धुऊन ती तशीच आडवी झाली. ताईकडे तेव्हा रात्र होती, आणि आईचं अंग अजून तिथल्याच वेळेवर होतं.

बाबांनी तिच्या अंगावर चादर घातली आणि हळूच माझ्या कानाशी आले. "काय रे, विमानाला पाठून ढकलणाऱ्या त्या वाऱ्याचा जोर तरी किती असेल?"

ते शोधायला आम्ही दोघे फोन घेऊन गॅलरीत गेलो.